पहिल्या अल्बमाचा दावा

पॉप आणि रॉक संगीताच्या श्रोत्यांमध्ये जे वाद कधीच निकाली निघत नाहीत, आणि ते निकाली निघू नयेत अशीच पक्षकारांची मनोमन इच्छा असते, त्यांत 'सर्वांत थोर पहिला अल्बम कोणाचा' हा वाद अग्रस्थानी आहे. चौथ्या किंवा सातव्या अल्बमाविषयी लोक मत देतात; पहिल्याविषयी मात्र भांडतात. पहिल्या अल्बमामागे कलावंताचे सारे अनाम आयुष्य उभे असते. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेले गाणे, रिकाम्या सभागृहात केलेला कार्यक्रम, उसन्या गिटारीवर सापडलेली चाल, हे सारे त्यात येऊन मिळालेले असते. दुसऱ्याच्या वेळी कंपनीचा करारनामा झालेला असतो, मुदत ठरलेली असते आणि लोकांना काय हवे याची वार्ता कलावंताच्या कानी गेलेली असते. म्हणून पहिल्या अल्बमाचा निवाडा करताना आपण केवळ दहा-बारा गाण्यांचा निवाडा करीत नसतो. एक माणूस जगापुढे प्रथमच उभा राहिला तो कोणत्या ऐटीने, याची पारख करीत असतो.

प्रस्तुत संग्रहातील लेख नाशिकच्या श्रोत्यांनी लिहिलेले आहेत. ज्या गावी दादासाहेब फाळके आणि तात्यासाहेब शिरवाडकर ही नावे घरच्या माणसांसारखी बोलण्यात येतात, त्या गावच्या लोकांना पहिलेपणातली मेख निराळी समजावून सांगावी लागत नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला म्हणून वंदनीय. परंतु त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक लहानसा चित्रपट घेतला होता, तो पहिलेपणाच्या हिशेबात कोणी धरीत नाही. शिरवाडकर म्हणजेच कवी कुसुमाग्रज, त्यांचा पहिला संग्रह १९३३ चा 'जीवनलहरी'. पण मराठी वाचकाच्या मनात कुसुमाग्रज अवतरले ते १९४२ च्या 'विशाखा'ने, आणि आजही कोणास सहज विचारले तर तो 'विशाखा'च पहिली म्हणून सांगेल. दफ्तराने पहिले ठरवलेले आणि रसिकाने पहिले मानलेले अशी ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत, आणि संगीतात त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच अर्धे भांडण माजते.

मुळात अल्बम ही वस्तूच तशी अलीकडची. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. तोवर ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचा मजकूर मावे आणि गायकाची सारी प्रतिभा त्या मापात बसवावी लागे. दीर्घ तबकडी आली तरी पॉपचा व्यापार पुढील दीड दशक एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवरच चालला. गाजलेल्या दोन-चार गाण्यांभोवती भर घालून मोठी तबकडी काढायची, असा तेव्हाचा रिवाज होता. बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम याच रिवाजातून जन्मला. त्यातील चौदांपैकी चार गाणी आधीच बाजारात होती. उरलेली दहा लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशी मुद्रित झाली. जॉन लेननला त्या दिवशी सर्दी झालेली होती. घसा सोलून काढणारे एक गाणे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी मुद्दाम अगदी अखेरीस ठेवले, कारण ते एकदा गायल्यावर त्या कंठातून त्या दिवशी दुसरे काही निघण्याची आशा नव्हती. रात्री दहाच्या सुमारास, घशाच्या गोळ्या चघळून आणि दूध पिऊन लेनन उभा राहिला आणि पहिल्याच दमात ते उतरले. दुसरा प्रयत्न करू गेले तेव्हा आवाज उरलेला नव्हता. तो अल्बम इंग्लंडात तीस आठवडे अग्रस्थानी राहिला. भर घालून काढलेल्या तबकडीत एका दिवसाच्या सलग श्रमामुळे एकजिनसीपणा उतरला, आणि तबकडीच्या दोन्ही बाजू अखंड ऐकणे ही एक स्वतंत्र रसवस्तू आहे, हा विचार त्यानंतर चार वर्षांत सर्वमान्य झाला. १९६७ या एका सालात डोअर्स, जिमी हेंड्रिक्स, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड आणि पिंक फ्लॉइड या चौघांचे पहिले अल्बम निघाले. या वादातील निम्मे साक्षीदार त्या एका वर्षाचे आहेत म्हटले तरी चालेल.

त्या वर्षानंतर टीकाकारांचे जे पंथ पडले ते आजतागायत टिकून आहेत. एक पंथ परिणामाला प्रमाण मानतो. त्याच्या मते व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम निघाला तेव्हा फारसा खपला नाही ही गोष्ट गौण, त्याने पुढील किती जणांच्या हाती वाद्ये दिली हे मुख्य. १९७६ चा रामोन्सचा अल्बमही, अवघ्या सहा हजार चारशे डॉलरांत उरकलेला, याच न्यायाने थोर. दुसरा पंथ परिपूर्णतेचा आहे. पहिल्याच पदार्पणी कलावंत सर्वांगांनी सिद्ध असावा, त्याचा सूर, त्याचे शब्द, त्याची जगाकडे पाहण्याची दृष्टी यांत उमेदवारीची खूण नसावी, असा त्याचा आग्रह; आणि ट्रेसी चॅपमनचा १९८८ चा किंवा न्यूयॉर्कच्या वस्तीतून आलेल्या नासचा १९९४ चा अल्बम ऐकल्यावर या पंथाशी वाद घालणे कठीण जाते. तिसरा पंथ चरित्राचा. तो पहिल्या अल्बमात पुढच्या कर्तृत्वाचे बीज शोधतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा हाच पंथ करतो, कारण पुढचे माहीत असल्यामुळे त्याला बीज सर्वत्र दिसते. बॉब डिलनच्या १९६२ च्या पहिल्या अल्बमात तेरांपैकी दोनच गाणी त्याची स्वतःची होती आणि पहिल्या वर्षी त्याचा खप इतका अल्प झाला की कंपनीतले लोक त्याला शोधून आणणाऱ्या अधिकाऱ्याची थट्टा करीत. त्यात महाकवी दिसतो असे आज म्हणणे ही पश्चातबुद्धी आहे. खपाचे आकडे पुढे करणारा चौथाही एक पंथ आहे. त्याचा उल्लेख पुरे.

हे सारे परदेशात घडले आणि आपल्याकडे त्याची केवळ नक्कल झाली, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी महाराष्ट्राच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास सावकाश वाचावा. १९३२ साली वकिलीचे शिक्षण घेतलेल्या जी. एन. जोशींनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तबकडीवर गायली आणि मराठी भावगीताचे युग सुरू झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढे हेच जोशी एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि त्यांनी कित्येक थोर गवयांचे गाणे तबकडीवर आणले. नाट्यपद नव्हे, चित्रपटगीत नव्हे, एका कवीची कविता एका गायकाने आपल्या चालीत म्हणावी आणि तिचा श्रोता घरात बसलेला असावा, ही कल्पना रॉकच्या जन्माआधी पंधरा-वीस वर्षे आपल्याकडे रुजली होती. तिला अल्बमाचे रूप मात्र मिळाले नाही. तबकडी तीन मिनिटांची आणि निवड कंपनीची. गायकाच्या दहा-बारा तबकड्या गाजल्या की पुष्कळ वर्षांनी त्यांचे संकलन निघे, आणि तेच त्याचे पहिले दीर्घ ध्वनिमुद्रण ठरे. नाशिकला १९२१ साली जन्मलेले दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांची पहिली तबकडी १९४४ ची. १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले, आणि दीर्घ तबकडी आपल्याकडे अजून रुजायची होती. त्यांच्या नावाचे जे मोठे संच आज आपण ऐकतो ते इतरांनी मागाहून जुळवलेले आहेत. अशा कलावंताचा पहिला अल्बम कोणता म्हणायचा? बहुसंख्य भारतीय गायकांच्या बाबतीत हा प्रश्न असाच भिजत पडलेला आहे, आणि चित्रपटाने तो अधिकच चिघळवला. कारण पार्श्वगायकाचे पदार्पण होते ते दुसऱ्याच्या चित्रपटात, दुसऱ्याच्या चालीत आणि पडद्यावरच्या दुसऱ्याच मुखातून.

कंपनी आणि चित्रपट यांच्या या मक्तेदारीला खरा धक्का बसला तो कॅसेटने. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, ती छापायला कारखाना लागेना, आणि एचएमव्हीच्या दारात ज्यांना कोणी उभे केले नसते ते गायक जत्रेत, एसटी स्थानकाबाहेर आणि जयंतीच्या मंडपात ऐकू येऊ लागले. प्रल्हाद शिंदे यांच्या मुलांची नावे महाराष्ट्रभर झाली ती या मार्गाने. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक, ज्यांनी आयुष्यभर गाणी रचली आणि गावोगावच्या व्यासपीठांवर स्वतः गायली, ते त्यांना कधी न पाहिलेल्या लोकांपर्यंत पोचले ते मुख्यतः इतरांच्या कंठांतून. त्यांच्या बाबतीत पहिल्या अल्बमाचा प्रश्न काढणे हे मापच चुकीचे लावणे होय. परंतु माप चुकीचे म्हणून तो प्रांतच वादातून वगळायचा, ही शहरी सोय मला मान्य नाही. या कॅसेटींच्या वेष्टनांवर अनेकदा सालसुद्धा छापलेले नसे, तेव्हा आधी त्यांची नोंद तरी झाली पाहिजे.

रॉकचा ओघ आपल्याकडे आला तो स्पर्धांच्या वाटेने. एका सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेतील वाद्यवृंदांच्या तबकड्या १९७० आणि १९७१ साली निघाल्या. त्यांत अनेकांचे एकेकच गाणे आहे, आणि बहुतेकांच्या कारकिर्दीचा आरंभ व शेवट तोच. मुंबईत 'रॉक मशीन' या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम यायला १९८८ उजाडले. धोबीतलावाच्या रंगभवनात ज्यांनी त्यातील उदय बेनेगल आणि महेश तिनईकर यांना ऐकले, त्यांना तो अल्बम त्या रात्रींची फिकट प्रत वाटला. ज्यांनी कॅसेटवरच ऐकला, नाशिककर बव्हंशी याच वर्गातले, त्यांना आपल्या मुलखातली माणसेही हे करू शकतात याचा तो पहिला पुरावा वाटला. हा वाद्यवृंद पुढे 'इंडस क्रीड' झाला. नाव बदलल्यावर पहिलेपणा नव्याने मोजायचा काय, यावर या संग्रहाच्या लेखकांत दोन तट पडले आहेत.

त्याआधी चार वर्षे, १९८४ साली, गोव्यात एक गोष्ट घडली होती, आणि तिच्याशी मी जरा अधिक वेळ थांबणार आहे. शिवोलीचे रेमो फर्नांडिस मुंबईत स्थापत्यशास्त्र शिकलेले, युरोपात भटकून आलेले. मुंबईच्या कंपन्यांनी त्यांच्या गाण्यांत रस घेतला नाही, तेव्हा ते घरी परतले आणि चार पट्ट्यांच्या एका लहानशा कॅसेट-यंत्रावर त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रण सुरू केले. चार पट्ट्या म्हणजे एका वेळी चारच आवाज. पाचवा हवा असेल तर आधीचे एकत्र करून एका पट्टीवर चढवायचे आणि रिकाम्या झालेल्या पट्टीवर नवा भरायचा. प्रत्येक चढवणीत फितीची खरखर थोडी वाढते आणि एकदा मिसळलेले पुन्हा सुटे होत नाही, म्हणून कोणते वाद्य आधी व कोणते मागाहून हे सारे डोक्यात पक्के ठरवूनच बसावे लागते. वाद्ये त्यांनीच वाजवली, सारे आवाज त्यांचेच, वेष्टनावरचे चित्रही त्यांचेच. आणि कॅसेटी तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी नेऊन देणारेही तेच. 'गोवन क्रेझी' हे त्या अल्बमाचे नाव. गाणी इंग्रजी, पण विषय गोव्याचा आणि हसणेही गोव्याचेच. मुंबईच्या कंपन्यांना त्यांचे महत्त्व कळले ते मागाहून.

नव्वदीच्या दशकात दूरचित्रवाणीवर चॅनेल व्ही आणि एमटीव्ही आल्यावर चित्रपटाबाहेरच्या गायकाला चेहरा मिळाला, आणि थोडी वर्षे अशी गेली की पहिला अल्बम हाच तरुण गायकाचा राजमार्ग ठरला. लकी अलींचा 'सुनो' आणि हरिहरन-लेझली लुईस यांचा 'कलोनियल कझिन्स' हे दोन्ही १९९६ चे. यांतील दुसऱ्यावर एक कायदेशीर हरकत नेहमी घेतली जाते, की हरिहरन यांचे गझलांचे अल्बम आधीच निघालेले होते, मग पदार्पण कसले? लॉरिन हिलवरही परदेशात हीच हरकत येते, कारण तिचा १९९८ चा अल्बम एकटीचा पहिला असला तरी एका गटातर्फे ती त्यापूर्वी विख्यात झालेली होती. माझे मत असे की जोडी नवी झाली किंवा कलावंत एकटा उभा राहिला तर मोजणी नव्याने सुरू करावी. परंतु नुसती कंपनी बदलली तर करू नये.

मराठीत या काळाचे फळ थोडे उशिरा पण गोमटे आले. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या 'गारवा'ने पावसाळी काव्यवाचन व गाणे यांची अशी सांगड घातली की महाविद्यालयीन मुलांच्या एका पिढीला कविता पाठ होऊ लागल्या. अजय-अतुल यांचे पदार्पण 'विश्वविनायक'ने झाले. चित्रपटाचे सम्राट होण्याआधी त्यांनी गणेशस्तवनांसाठी एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे कंठ मिळवून जो भव्य नाद उभा केला, तो ऐकून त्यांच्या पुढच्या वाटेचा अंदाज कोणालाही यावा. चरित्रपंथाला मी इथे एवढी सवलत देतो. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचे 'आयुष्यावर बोलू काही' हे २००३ पासून आधी रंगमंचावर वाढले आणि अल्बम त्याच्यासोबत आला. त्याचे चाहते त्याला परिपूर्णतेच्या कसोटीवर लावतात. मला ते जी. एन. जोशींच्या परंपरेचे सर्वांत तरुण अपत्य वाटते, कवितेने आधी चालायचे आणि संगीताने तिच्या मागून, आणि म्हणून पॉपच्या यादीत ते थोडे अवघडून बसते. या विधानावर माझ्याशी भांडणारे या संग्रहातच आहेत, आणि त्यांनी आपली कैफियत माझ्यापेक्षा अधिक जोरकसपणे मांडली आहे.

हा वाद आताच ग्रंथरूपाने का मांडावा, असे कोणी विचारील. काळाघोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे तबकड्यांचे दुकान, जिथे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईस गेलेला नाशिककर कचेरीतले काम उरकून तासभर तबकड्या चाळीत उभा राहत असे, ते २०१६ साली बंद झाले. गाणे आता फोनवर एकेकटे येते, यंत्राने ठरवलेल्या दुसऱ्या कोणा अनोळखी गाण्याच्या पाठोपाठ येते, आणि ते कोणत्या संचातले, कितवे, त्याच्या आधी व नंतर काय होते, याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. आज पदार्पण करणारा तरुण, मग तो पुण्याचा गिटारवादक असो की सिडकोच्या गल्लीत मराठी रॅप रचणारा मुलगा, दर महिन्याला एक गाणे सोडतो. सलग चाळीस मिनिटे ऐका, असे श्रोत्याला सांगण्याची त्याची छाती होत नाही. याने संगीत बुडाले, असा गळा मी काढणार नाही. ७८ फेऱ्यांच्या काळीही गाणे एकेकटेच येत असे आणि त्यात अमर गाणी झाली. पण दीर्घ संचाचे युग संपत आले असेल तर त्याचा महजर ते युग जगलेल्यांनीच लिहावा, हे उचित.

संपादकांनी लेखकांवर एकच अट घातली होती: ज्या अल्बमाविषयी लिहायचे तो आरंभापासून अखेरपर्यंत, दिलेल्या क्रमाने, मध्ये न थांबता ऐकायचा आणि मगच लेखणी उचलायची. क्रमवारी लावण्याचा मोह त्यांनी टाळला, याबद्दल ते अभिनंदनास पात्र आहेत. पहिले दहा कोणते हे शोधण्यासाठी जो वाचक पाने उलटील त्याची निराशा होईल. लेख परस्परांना खोडून काढतात, एकाने डोक्यावर घेतलेला अल्बम दुसरा पायदळी तुडवतो, आणि ती विसंगती तशीच ठेवली आहे. मला खटकलेली उणीव एकच: स्त्री-कलावंतांच्या पदार्पणांना या पुस्तकात मिळालेली जागा अपुरी आहे. १९८१ च्या 'डिस्को दीवाने'ने नाझिया हसन या किशोरवयीन मुलीचा आवाज उपखंडभर नेला, या एका गोष्टीवर स्वतंत्र लेख हवा होता.

प्रस्तावनाकाराने पक्ष घेऊ नये असा संकेत आहे. तो मी मोडतो. परिणाम, परिपूर्णता आणि चरित्र या तिन्ही कसोट्या परदेशी बाजारात घडल्या, जिथे तरुणाला अल्बम करू देण्यास कंपन्या तरी होत्या. आपल्याकडे कंपनीने, चित्रपटाने आणि भाषेच्या अहंकाराने दार अडवलेले असताना ज्याने स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलखाविषयी, दुसऱ्या कोणाची परवानगी न मागता अल्बम पुरा केला, त्याचा दावा मी सर्वांत वरचा मानतो. आणि म्हणून माझे मत 'गोवन क्रेझी'ला. ध्वनी कच्चा आहे, फितीची खरखर आहे, दोन-तीन गाणी आज जुनी वाटतात, हे सारे कबूल करूनही.

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर, जुन्या पेटीत किंवा बंद पडलेल्या टेपच्या खणात स्थानिक गायकांच्या, वाद्यवृंदांच्या, जयंती-जत्रांच्या कॅसेटी पडून असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. चुंबकीय फितीचे आयुष्य फार नसते. बुरशी धरण्याआधी तिची प्रत संगणकावर उतरवून घ्या, वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, आणि ती कोणत्या साली, कोणत्या गावी, किती रुपयांस घेतली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल तर तेही लिहून ठेवा. या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर तिच्यात सर्वांत आधी हा तपशील जावा, अशी संपादकांची इच्छा आहे.